शेपटाकडचं दार

शेपट्याच्या दुकानात सायकल दुरुस्तीला टाकायची म्हणजे आधी चार शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागे. चेन सैल झाली असेल तर, "ही चेन आहे की सुतळी? हिला तेल कधी दाखवलं होतंस?" पंक्चर असेल तर, "रस्त्यावरून चालवतोस की काचांवरून?" तरी गल्लीतली माणसं त्याच्याकडेच येत, कारण त्यानं एकदा सरळ केलेलं चाक पुढे हूं की चूं करत नसे. म्हातारा ठेंगणा, रुंद खांद्यांचा, डावा पाय ओढत चालणारा. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. बायको होती तोवर ती त्याच्या आणि जगाच्या मध्ये उभी राहून दोन्हीकडची समजूत घालायची. ती गेल्यावर ते काम मुलीच्या गळ्यात पडलं, आणि मुलीत आईचा धीर नव्हता. तिच्यात बापाचाच पीळ उतरला होता.

शेपट्या हे नाव लढाईतलं. तरुणपणी तो बाँबर विमानात होता, अगदी शेपटाशी, काचेच्या पिंजऱ्यात, मशीनगन धरून. बाकीची माणसं पुढे तोंड करून बसत. हा एकटा उलटा. सगळे निघालेत तिकडे पाठ आणि जिथून आलेत तिकडे तोंड. पिंजरा इतका लहान की धिप्पाड माणूस त्यात मावायचाच नाही, म्हणून ह्याला निवडला. पॅराशूटसुद्धा आत मावत नसे. ते दाराच्या पलीकडे, विमानाच्या पोटात, खुंटीला टांगलेलं असे. उडी मारायची वेळ आली तर मागचं सरकतं दार उघडायचं, हात घालून पॅराशूट ओढायचं, चढवायचं आणि मग देवाचं नाव घ्यायचं.

ती वेळ एका पहाटे परतीच्या वाटेवर आली. खालून सुटलेल्या तोफेच्या गोळ्यांनी एक पंख पेटला आणि शेपूट पिळवटलं. वैमानिकानं सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं. शेपट्यानं दार ओढलं. दार हललं नाही. त्यानं खांदा लावला, लाथा घातल्या, मुठींनी ठोकलं. कानातल्या फोनवरचं बोलणं बंद पडलं होतं, पिंजऱ्यात धूर भरत होता. कोणी आलं नाही. मग शुद्ध हरपली. पुढे शेपूट तुटून विमानापासून वेगळं झालं आणि डोंगरउतारावरच्या दाट झाडांत, बर्फावर आदळत घसरत गेलं. शेपट्या जागा झाला तेव्हा पाय मोडलेला होता आणि शत्रूचे दोन शिपाई त्याच्याकडे भूत बघावं तसे बघत होते. लढाई संपेपर्यंत तो त्यांच्या छावणीत कैदी म्हणून राहिला.

इथवर त्याची कोणाबद्दल तक्रार नव्हती. तक्रार घरी आल्यावर सुरू झाली.

घराला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली, त्याला पाहून भिंतीला टेकली आणि मग रडत रडत सांगू लागली. सरकारकडून फक्त "बेपत्ता" एवढंच कळलं होतं. आई रोज म्हणायची, बेपत्ता म्हणजे गेला नव्हे, माझा पोरगा चिवट आहे. मग एक दिवस त्याच विमानातला, चष्मा लावणारा एक जण आला. आईजवळ बसला. म्हणाला, मी स्वतः तिथं होतो, तुमचा मुलगा जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. आईनं त्या दिवशी अंथरूण धरलं ते पुन्हा सोडलं नाही.

तो चष्मेवाला म्हणजे मास्तर. विमानात नकाशा बघून वाट सांगायचं काम त्याचं. लढाईआधी शिक्षक व्हायला शिकत होता, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. त्यानं उडी मारली होती, गावकऱ्यांनी लपवलं होतं, आणि तो सीमा ओलांडून सुखरूप परतला होता. बाकीचे सगळे विमानाबरोबर गेले. उरले हे दोघं.

शेपट्या कुबडी घेऊन माजी सैनिकांच्या मंडळात गेला. मास्तर तिथं होता. शेपट्याला पाहून तो धावत पुढे आला, आणि शेपट्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "मी दार ठोकत होतो. तू उडी मारलीस. बरोबर?"

मास्तरचा चेहरा उतरला. "मी आलो होतो. कुऱ्हाड घेऊन आलो होतो. दार तोडायला."

"कसली कुऱ्हाड? मला तर काही ऐकू आलं नाही."

"इंजिनांचा आवाज होता, वारा होता—"

"आणि माझ्या आईला जाऊन सांगितलंस मी मेलो. ते मात्र बरं ऐकू गेलं तिला."

शेपट्या त्याच्या पायाशी थुंकला आणि बाहेर पडला. त्या दिवसापासून दोघांत विळ्या-भोपळ्याचं सख्य. मास्तरनं मंडळात येणं सोडलं आणि शेपट्यानं एकही बैठक चुकवली नाही. नवा कोणी आला की त्याला ती गोष्ट ऐकवायची, जुन्यांनी माना डोलवायच्या. गोष्ट मंडळातून बाजारात गेली, बाजारातून शाळेत गेली. मास्तरची मुख्याध्यापक व्हायची पाळी आली तेव्हा शाळेच्या कमिटीतल्या एकानं विचारलं म्हणे, आपल्या माणसाला जळत्या विमानात सोडून पळालेल्याच्या हाती आपण पोरं द्यायची का. खुर्ची दुसऱ्याला गेली. हे कळलं त्या दिवशी शेपट्यानं दुकान लवकर बंद केलं आणि पोटभर जेवला. बायकोनं विचारलं, आज काय विशेष. तो म्हणाला, काही नाही, भूक लागली होती.

अशी वर्षांमागून वर्षं गेली. दोघं म्हातारे झाले. एकाच गावात राहून एकमेकांची सावली टाळत राहिले.

मग एका सकाळी चकचकीत बुटांचा एक माणूस दुकानात आला. शेपट्यानं आधी त्याचे बूट पाहिले, मग सायकल शोधली. सायकल नव्हती. त्या माणसानं काखेतून मोठं पाकीट काढून एक छापील चित्र गल्ल्यावर पसरलं. गुलाबी ढगांवरून चाललेलं बाँबर विमान. चित्राखाली जाड पुठ्ठ्यात एक छोटी चौकोनी खिडकी कापलेली, आणि तिच्यात नाण्याएवढा, करड्या रंगाचा पत्र्याचा तुकडा चिकटवलेला.

"खऱ्या विमानाचा खरा तुकडा," चित्रवाला म्हणाला. "मोजक्याच प्रती काढतो आम्ही. शौकीन लोक घेतात, सोबत प्रमाणपत्र देतो."

शेपट्यानं चित्राकडे पाहिलं. "आमचं विमान इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. आणि ढगात असलं गुलाबी काही दिसलं असतं तर आम्ही गोळी घातली असती."

चित्रवाला हसला. मग त्यानं खरं काम काढलं. त्या डोंगरातल्या एका शेतकऱ्याकडून त्यानं एक विमानाचं शेपूट विकत घेतलं होतं. इतकी वर्षं त्यात कोंबड्या राहत होत्या. शेपटावरच्या आकड्यावरून विमान कोणतं ते त्यानं शोधून काढलं. "काका, तुमचंच विमान. त्याचे तुकडे लावून मी नवं चित्र काढतोय. त्याच्यावर तुमची सही हवी."

"माझी हाडंपण घेऊन जा. ती वेगळी विका."

"काका—"

"ऊठ. गिऱ्हाइकाची जागा अडवू नकोस."

चित्रवाल्यानं चित्र गुंडाळलं. जाता जाता सहज म्हणाला, "ठीक आहे. मास्तर तयार झालेत. त्यांची एकट्याची सही घेऊ."

शेपट्याच्या हातातला पाना थांबला. "तो तयार झाला?"

"हो."

"म्हणजे त्या विमानाखाली त्या पळपुट्याचं एकट्याचं नाव राहणार?"

चित्रवाला दारातच वळला. त्याला आपला गळ कुठे अडकलाय ते कळलं असावं.

"येतो मी," शेपट्या म्हणाला. "पण माझी सही वर, त्याची खाली. उलटं झालेलं चालणार नाही."

घरी मुलीनं ऐकलं आणि हातातलं भांडं आपटलं. "बाबा, तुम्ही सही करायला चाललाय की भांडायला?"

"सही हातानं करायची असते, भांडण तोंडानं. दोन्ही एका वेळी जमतं."

"ह्या वयात शोभतं का?"

"त्याला शोभलं होतं का?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आई म्हणायची ते तिला आठवलं, आणि ती त्याचा सदरा इस्त्री करायला गेली.

चित्रवाल्याची जागा म्हणजे कापडाचं जुनं गोदाम होतं. उंच खिडक्या, डिंकाचा वास, मधोमध लांब टेबल. टेबलावर चित्रांची थप्पी, प्रत्येक दोन चित्रांमध्ये पातळ कागद. एक बाई प्रत पुढे सरकवायची आणि सही झाली की बाजूला ओढून घ्यायची. दुसऱ्या टोकाला पत्रे कापणारा बसला होता, पत्रा आवळून धरायचा शेगडा आणि मोठी कात्री घेऊन. त्याच्यामागे भिंतीला चेपलेले, वाकलेले पत्रे टेकून ठेवलेले. शेपट्यानं तिकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

मास्तर आधीच येऊन बसला होता. वाळून काडी झालेला, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्याची बायको मागच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी धरून, ताठ. तिनं शेपट्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि नजर हलवलीच नाही. असं बघणं शेपट्यानं छावणीतल्या पहारेकऱ्यांकडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"वर माझी सही," बसता बसता शेपट्या म्हणाला.

मास्तरनं पेन्सिल उचलली. "वर कर, खाली कर, माझ्या डोक्यावर कर. इतकी वर्षं तेच करतोयस."

"खोटं केलं असेल तर सांग."

"एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगत नाही मी. वर्गातसुद्धा नाही सांगायचो."

मग दोघं सह्या करू लागले. बाई प्रत सरकवायची. शेपट्या वर दाबून, कागद फाटेल अशी सही करायचा. मास्तर खाली बारीक, सुवाच्य अक्षरात. एकेक अक्षर कोरायचा म्हणून त्याला वेळ लागायचा.

"लवकर," शेपट्या म्हणाला. "तेव्हा तर फार चपळ होतास."

मागून बायकोचा आवाज आला, शांत आणि थंड. "अहो, चला घरी. ह्या माणसाबरोबर एका टेबलाशी बसायची मला लाज वाटते."

"बस," मास्तर म्हणाला. "लाज त्याला वाटू दे."

थप्पी अर्ध्यावर आली तेव्हा चहा आला. शेपट्याला मास्तरसमोर बसून चहा प्यायचा नव्हता. तो कप घेऊन पत्रे कापणाऱ्याकडे गेला. पत्रे कापणारा एका छोट्या, जाड पत्र्याशी झटत होता. शेगड्यात धरून तो त्याला सपाट करायला बघत होता आणि पत्रा ऐकत नव्हता.

"हे काय?" शेपट्यानं विचारलं.

"दार आहे, पिंजऱ्याचं. चौकटीत असं गच्च बसलं होतं की चौकट कापून काढावं लागलं. सगळीकडे हे घाव पडलेत, सपाट होत नाही. मालक म्हणतात राहू दे, घाव असलेले तुकडे खास प्रतींना लावू."

शेपट्यानं कप खाली ठेवला. दार त्याच्याकडे उलटं होतं, म्हणजे विमानाच्या पोटाकडची बाजू वर. त्या बाजूला कडीच्या भोवती चिरा पडल्या होत्या, लांब, सरळ, एकावर एक. बंदुकीच्या गोळीचं भोक गोल असतं. हे गोल नव्हतं. एक चीर आरपार गेली होती आणि तिच्या कडा पलीकडे, पिंजऱ्याच्या बाजूला वळल्या होत्या. त्याच्या बाजूला.

"शेतकऱ्यानं केलं असेल," तो म्हणाला. "कोंबड्यांसाठी दार काढायला."

"असेल," पत्रे कापणारा म्हणाला. त्याला त्यात काही रस नव्हता.

पण शेपट्यानं चिरेत नख घालून फिरवलं आणि नख काळं झालं. आतपर्यंत काजळी होती. कोंबड्यांच्या खुराड्यात काजळी कुठून येणार? ती त्या पहाटेच्या धुराची होती. पत्र्यावर घाव पडले, त्यानंतर त्या धुरानं ते काळे केले. आणि मग त्याला आठवलं की ठोकता ठोकता दारात एकदम उजेडाची बारीक रेघ दिसली होती. इतकी वर्षं तो समजत होता की ती गोळी होती, आपल्याला चुकवून गेलेली.

आनंद झाला नाही. हलकंही वाटलं नाही. उलट छातीत राग उसळला, आणि तो कोणावर काढायचा हेच कळेना. आयुष्यभर जपलेलं वैर कोणी खिशातून मारून न्यावं तसं झालं.

तो टेबलाकडे परत आला. बसला. बाईनं प्रत सरकवली. त्यानं सही केली नाही.

"किती घाव घातलेस?"

मास्तरनं वर पाहिलं. मग नजर पलीकडच्या शेगड्याकडे गेली. त्याला कळलं.

"मोजले नाहीत."

"का थांबलास?"

"तू ठोकायचा थांबलास." मास्तर पेन्सिल टेबलावर आडवी ठेवत म्हणाला. "तू ठोकत होतास तोवर मी मारत होतो. मग आवाज बंद झाला. हाका मारल्या. काही नाही. धुरात मला दिसेना. मग मी गेलो."

"आईला का सांगितलंस?"

"कारण मला तेच खरं वाटत होतं."

"त्याला काही कळलं नाही म्हणालास. तेही खरं वाटत होतं?"

मास्तर पहिल्यांदाच चिडला. "ते खोटं होतं. तुझी आई मला विचारत होती, माझं पोर ओरडलं का रे. काय सांगायला हवं होतं मी? की हो, ओरडत होता, मुठी आपटत होता, आणि माझ्या हातून दार तुटलं नाही? तू सांगितलं असतंस का?"

शेपट्याचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं.

"माफी मागू नकोस," मास्तर म्हणाला. "मागितलीस तर मी उठून जाईन. तुला द्यायची माफी मी काही म्हातारा होईपर्यंत राखून ठेवलेली नाही."

ह्या सगळ्यात चित्रवाला कधी जवळ येऊन उभा राहिला ते कोणी पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे चमकत होते. "काका, हे तर विलक्षण आहे. दार मध्ये धरून दोघांचा एक फोटो काढू. हात हातात घेऊन. मग घाववाले तुकडे वेगळ्या प्रतींना, त्यावर ही हकीकत छापून—"

"दार कापायचं नाही," शेपट्या म्हणाला.

"असं कसं? शेपूट मी विकत घेतलंय."

"बाकीचं शेपूट काप. कीस करून विक. दार नाही."

"हे बघा, तुम्ही सह्या करायचं कबूल केलंय. मी कोर्टात जाऊ शकतो."

मास्तरनं पेन्सिल टेबलाच्या मधोमध सारली. "दार कापणार असाल तर उरलेल्या कागदांवर माझी सही होणार नाही."

शेपट्यानंही आपली पेन्सिल सारली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"आणि कोर्टात अवश्य जा," मागून मास्तरची बायको म्हणाली. "पण तिथं पुरावा म्हणून दार न्यावं लागेल. अख्खं."

चित्रवाल्याचा चेहरा पडला. तो बराच वेळ धुसफुसला, पत्रे कापणाऱ्यावर उगाच खेकसला, म्हाताऱ्यांच्या नादी लागून आपणच फसलो असं पुटपुटला. शेवटी त्यानं हात झटकले. दार घ्या, म्हणाला, आणि उरलेल्या सह्या करा.

शेपट्यानं पुढची प्रत ओढली आणि सही खालच्या बाजूला करायला पेन्सिल टेकवली.

"वरच कर," मास्तर म्हणाला. "आता खाली करून उपकार नकोत. आणि सगळे कागद एकसारखे दिसले पाहिजेत."

सह्या संपल्या. शेपट्यानं दार उचलून मास्तरसमोर ठेवलं. "घे."

"मला कशाला?" मास्तर उठता उठता म्हणाला. "मी घाव घातले हे मला माहीत होतं. तुला माहीत नव्हतं. तू ठेव."

बायकोनं त्याचा दंड धरला आणि दोघं गेले.

पुढच्या बैठकीला शेपट्या ते दार गोणपाटात बांधून मंडळात घेऊन गेला. टेबलावर ठेवलं, गोणपाट सोडलं आणि उभं राहून सांगितलं की मी जे सांगत आलो ते खोटं निघालं, मास्तर पळाला नव्हता, हे बघा. समोर जेमतेम खुर्च्या भरलेल्या. ज्यांच्या कानात त्यानं ते विष वर्षानुवर्षं ओतलं होतं ते बहुतेक वर गेले होते. उरलेल्यांतल्या एकाला ऐकू येत नव्हतं. एक जण म्हणाला, "जाऊ दे रे. झालं गेलं, गंगेला मिळालं."

"जाऊ दे?" शेपट्याचा आवाज चढला. "मी त्याला शिव्या घालत होतो तेव्हा बरा नाही म्हणालास कधी जाऊ दे. तेव्हा तर चहा थंड होईपर्यंत ऐकायचास."

त्या माणसानं तोंड फिरवलं. लोकांना वाईट ऐकायला वेळ असतो, दुरुस्ती ऐकायला नसतो, हे सायकलवाल्याला उतारवयात कळलं.

मग तो मास्तरच्या घरी गेला. जिना चढताना पाय दुखत होता, काखेतलं दार भिंतीला घासत होतं. बायकोनं दरवाजा उघडला आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"आत येऊ नका. काय सांगायचं ते इथं सांगा."

त्यानं मंडळात काय केलं ते सांगितलं.

"शाळेच्या कमिटीतला तो माणूस मेला," ती म्हणाली. "त्याला सांगायला कुठे जाणार?"

त्यानं दार ह्या काखेतून त्या काखेत घेतलं.

"आमचा थोरला शाळेत होता तेव्हा पोरं त्याला चिडवायची. पळपुट्याचा पोरगा. एक दिवस तो तुमच्या दुकानाशी आला होता, तुम्हाला विचारायला, खरं काय ते. आठवतं?"

शेपट्याला आठवत नव्हतं. इतकी पोरं येत.

"तुम्ही त्याला सगळं सविस्तर सांगितलंत. त्यानंतर तो बापाशी नीट बोलला नाही. बाजारात त्याचं चष्म्याचं दुकान आहे. आणि ह्यांची दांडी मोडली तर मी दोऱ्यानं बांधते. त्याला जाऊन सांगा. बापाचं त्यानं कधी खरं मानलं नाही. तुमचं मानतो." आणि तिनं दरवाजा लावून घेतला.

मास्तरचा थोरला आता पन्नाशीकडे झुकलेला, कानांवर केस पिकलेले. शेपट्याला त्यानं लगेच ओळखलं आणि त्याचे ओठ घट्ट मिटले. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते त्यानं आधी वाटेला लावलं.

"काय हवंय?"

शेपट्यानं दार काचेच्या कपाटावर ठेवलं. कसं सुरू करायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं, पण ते सगळं विसरला. "हे माझ्या पिंजऱ्याचं दार," तो म्हणाला. "ही बाजू तुझ्या बापाकडची. हे घाव त्याचे. तो मला काढायला आला होता. मी तुला त्या दिवशी सांगितलं ते चूक होतं."

मुलानं सवयीनं भिंग उचललं, चिरांवरून फिरवलं, मग खाली ठेवलं. "मी पोरगा होतो. शाळेतून तडक तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही हातातलं चाक फिरवत फिरवत मला सांगितलंत, तुझा बाप भित्रा आहे. चाक थांबवलंसुद्धा नाहीत."

"हो."

"आणि आता हा पत्रा आणून दिलात की झालं?"

"झालं नाही. मला दुसरं काही आणता येत नव्हतं."

मुलानं भिंग खणात ठेवून खण लावला. मग म्हणाला, "ठेवून जा. आणि परत माझ्या दुकानात येऊ नका. चष्मा लागला तरी."

शेपट्या निघाला. घरी पोचल्यावर मुलीनं विचारलं, कुठे होतात. त्यानं पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं, आणि ती त्याच्यावर ओरडेल म्हणून वाट बघत बसला. ती ओरडली नाही. इतकंच म्हणाली, "त्या पोराचं वय काय होतं तेव्हा?" त्याला ते सांगता आलं नाही.

मास्तर आणि शेपट्या पुन्हा बोलले नाहीत. एकदा बाजारात समोरासमोर आले. मास्तरच्या नाकावर नवा चष्मा होता, दोन्ही दांड्या सारख्या. त्यानं शेपट्याला नीट पाहिलं, ओळख दाखवली नाही आणि पुढे गेला. शेपट्याला वाटलं, बरं झालं.

पुढच्या हिवाळ्यात मास्तर वारला. शेपट्या सदरा घालून गेला आणि लोकांच्या मागे, कुंपणाशी उभा राहिला. माणसं बरीच जमली होती. त्यात मास्तरचे जुने विद्यार्थीच जास्त होते. बायकोनं त्याला लांबून पाहिलं आणि शेजारी उभ्या थोरल्याच्या कानाशी काही बोलली. मुलगा गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत आला.

"आई म्हणते, आलाच आहात तर थांबा. पण पुढे येऊ नका."

"बरं," शेपट्या म्हणाला, आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत तिथंच थांबला.